झाकलेले आणि काढलेले

निवडणूक जाहीर झाली, की नगरपालिकेतल्या फुटपट्टीबाईंना चार हात फुटत. एरवी त्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीमागे बसणाऱ्या साध्या लिपिक. पण आचारसंहिता लागली, की सरकारी भिंती, खांब आणि कुंपणं यांवरचा प्रचार रोखणारं पथक त्यांच्या हाताखाली येई, आणि मग गावातल्या भल्याभल्यांची तारांबळ उडे. फुटपट्टी हे नाव कचेरीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता. एका उमेदवाराचा फलक परवानगीपेक्षा चार बोटं रुंद निघाला म्हणून त्यांनी तो भर चौकात उतरवला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं. बाईंचं म्हणणं असं, की चार बोटं म्हणजे चार बोटं. ती मोजून झाल्यावर चर्चेला जागाच कुठे उरते?

काम तसं सरळ होतं. विजेच्या खांबांवरचे झेंडे उतरवायचे, शाळेच्या कुंपणावर डकवलेले हसरे चेहरे खरवडायचे, पुलाच्या कठड्यावर रंगवलेल्या खुणांवर चुना फिरवायचा. जे उपटता येत नव्हतं ते झाकायचं. बागेतल्या बाकांवर अमक्याच्या निधीतून, बसथांब्यावर तमक्याच्या प्रयत्नातून, असं जिथे जिथे कोरलेलं असे तिथे तपकिरी कागद डकवायचा. एकदा सार्वजनिक शौचालयाच्या दारावर उद्घाटकाचं नाव निघालं. गाडीचा चालक कागदाला खळ लावता लावता म्हणाला, "बाई, इथे नाव लिहून घ्यायचं सुचलं तरी कसं या माणसाला?"

"नाव सगळ्यांनाच हवं असतं," बाई म्हणाल्या. "डकव. कोपरे नीट दाब."

या कामाच्या याद्या दोन. एक झाकलेल्या वस्तूंची. मतमोजणी संपली, की दुसऱ्या दिवशी पथक तीच यादी घेऊन निघायचं आणि कागद सोडवत जायचं. त्यासाठी कुणी अर्ज करायचा नसे की विनवण्या करायच्या नसत. दुसरी यादी काढलेल्या वस्तूंची. त्या गोदामात जायच्या, आणि तिथून पुन्हा जागेवर लागायच्या तर त्यासाठी प्रस्ताव, त्या प्रभागाच्या नगरसेवकाची लेखी शिफारस आणि सभेची मंजुरी हवी. फाटके झेंडे परत लावायला कोण येतंय? त्यामुळे त्या वाटेने आजवर कुणी गेलंच नव्हतं.

त्या वर्षी बाईंचा धाकटा भाऊ निवडणुकीला उभा राहिला.

त्याचं विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. बोलायला गोड, ओळखी दांडग्या, कुणाच्याही घरचा पंप बंद पडला तर हातातला घास टाकून जाणारा. लोक त्याला भाऊ म्हणत. उमेदवारीचा अर्ज भरून तो पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन बहिणीकडे आला, कारण आई बहिणीकडे राहायची आणि तिला पेढे वर्ज्य होते. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं: माझा सख्खा भाऊ उमेदवार आहे, तरी पथकाचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

साहेबांनी कागद वाचला आणि हसले. "बाई, उलट बरंच आहे की. इतर उमेदवार तुम्हाला भितात, तुमचा भाऊ दुप्पट भिईल." कागद फाइलीत गेला आणि काम बाईंकडेच राहिलं.

आता पाटीचं सांगायला हवं. बाईंचे वडील नगरपालिकेच्या पंपघरात कामाला होते. बावीस वर्षांपूर्वी मुख्य नळाचा सांधा फुटला, तेव्हा झडप बंद करायला ते खड्ड्यात उतरले. झडप बंद झाली, पण तोवर खड्डा भरला होता. गावाचं पाणी एक दिवसही तुटलं नाही, असं तेव्हाच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं होतं. मग पंपघराच्या बाहेरच्या भिंतीवर वीतभर रुंदीची पितळी पाटी लागली: नाव, हुद्दा, तारीख, आणि 'कर्तव्यावर असताना'. वडिलांच्या जागी अनुकंपेवर एकाला नोकरी मिळणार होती. मुलगी एकोणीस वर्षांची होती, मुलगा दहा. नोकरी मुलीला लागली. तिने ती बावीस वर्षं मान मोडून केली, भावाला शिकवलं, दुकान टाकून दिलं, स्वतःच्या लग्नाचं मात्र कधी जमवून आणलं नाही. आणि आई रोज सकाळी चालत पंपघरापर्यंत जायची, फडक्याने पाटी पुसायची, परत यायची. पाऊस असो, गुडघे दुखोत, हा नेम चुकला नव्हता. नवऱ्याचा एकही धड फोटो घरात नव्हता. जे होतं ते त्या भिंतीवर होतं.

धाकट्याने प्रचाराचं पहिलं पत्रक छापलं त्यावर तो पाटीशेजारी उभा. खाली ओळ: 'वडिलांनी या गावासाठी प्राण दिले, मी घाम देईन.' पंपघरासमोर त्याने दोन कोपरासभाही घेतल्या. विरोधकाची तक्रार यायला अर्धा दिवसही लागला नाही, आणि तक्रारीत खोटं काहीच नव्हतं. पंपघर सरकारी, भिंत सरकारी, पाटी सरकारी, आणि तिच्यावरचं आडनाव उमेदवाराचं. बाई स्वतः गेल्या आणि वडिलांच्या नावावर स्वतःच्या हाताने कागद डकवला. कोपरे नीट दाबले. झाकलेल्यांच्या यादीत एकशे चौदावा क्रमांक.

दुसऱ्या दिवशी कागद निघालेला होता. त्यांनी पुन्हा डकवला. तिसऱ्या दिवशीही निघालेला. चार दिवस हेच चाललं. कागद फाडलेला नसायचा, चारी बाजूंनी अलगद सोडवून घडी घालून पायरीवर ठेवलेला असायचा. ही त्या लबाड धाकट्याचीच कारागिरी, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं. त्याला विचारायला त्या गेल्या नाहीत. विचारलं असतं तर तो कानांवर हात ठेवणार आणि वर हसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी विरोधकाचा वकील साहेबांच्या खोलीत येऊन बसला. पथकातले सगळे भिंतीला टेकून उभे. वकील फार सभ्यपणे बोलत होता. "बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण गावभर डकवलेले दोनशे कागद जागच्या जागी राहतात आणि नेमका बाईंच्या वडिलांच्या नावावरचा रोज गळून पडतो. आता लोक काय म्हणतील, ते आपण थोडंच थांबवू शकतो?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "काय करू या? तिथे एक माणूस बसवू या का?"

माणूस बसवला असता तर प्रश्न मिटला असता. साहेबांनी वाट काढून दिली होती. पण बाईंचे कान तापले होते. बावीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आज एक उपटसुंभ वकील सगळ्या पथकासमोर गोड आवाजात थोबाडीत मारून गेला होता. त्या म्हणाल्या, "माणूस कशाला? पाटीच काढून टाका. चार स्क्रू आहेत."

"काढायची?" साहेब म्हणाले. "ती तर जुनी आहे. झाकली तरी..."

"झाकलेलं टिकत नाही ना? मग काढायची. लिहा, काढलेल्यांच्या यादीत. सही मी करते."

वकिलालासुद्धा इतकं नको होतं. चालकाने स्क्रू काढले, बाई शेजारी उभ्या राहिल्या, पाटी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून गोदामात गेली. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन उरला. बाईंना त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण कुणाचीही गय करत नाही, सख्ख्या बापाचीही नाही, हे त्यांनी गावाला दाखवून दिलं होतं.

घरी आई ओट्याशी उभी होती. "पाटी कुठे गेली?" तिने विचारलं.

"काढली. धाकटा रोज कागद सोडवत होता. त्याला किती वेळा..."

"कागद मी सोडवत होते," आई म्हणाली.

बाईंनी खांद्यावरची पर्स ओट्यावर ठेवली.

"मला वाटलं, कुणीतरी जाहिरात लावतंय बाबांच्या नावावर. रोज काढून घडी घालून ठेवत होते, उगीच कचरा नको म्हणून. तू मला एका शब्दाने सांगितलं असतंस, तर महिनाभर मी तिकडे फिरकले नसते."

त्यानंतर आई मुलीशी बोलायची थांबली. दोन खोल्यांच्या घरात न बोलता राहणं सोपं नसतं, पण आईने ते जमवलं. मीठ संपलं की ती डब्याला सांगायची, "मीठ संपलंय हो." दूधवाला आला की दाराला सांगायची, "दूध आलंय." बाई मीठ आणायच्या, दूध घ्यायच्या, आणि डब्यांशी आणि दारांशी चाललेली ती बोलणी ऐकत राहायच्या. खरं सांगायचं तर त्यांचा जीव जात होता. पण चूक झाली, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. यादीप्रमाणे झालं होतं, मग चूक कशी म्हणायची? रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना दिसायचं, ते आईच्या हातातलं कोरडं फडकं.

धाकट्याचं मात्र घोडं गंगेत न्हालं. आधी त्याच्या कोपरासभांना पंधरा माणसं यायची. आता तो लोकांना पंपघरापाशी न्यायचा आणि भिंतीकडे हात करून म्हणायचा, "इथे माझ्या बापाचं नाव होतं. आता चार भोकं आहेत. मोजून घ्या." पाटीवर आचारसंहिता लागू होती, पण भोकांवर कुठलाच नियम नव्हता. बाईंनी पुस्तक तीनदा चाळलं. भिंतीवर काहीही लावलेलं नसताना त्या भिंतीकडे हात करणं हा गुन्हा होत नाही. बायका डोळे पुसायच्या. म्हातारे माना हलवायचे आणि म्हणायचे, बघा, बहीणच असून. धाकट्याने बहिणीविरुद्ध चकार शब्द काढला नाही. तो फक्त म्हणायचा, "तिचा दोष नाही, ती नोकरीला बांधलेली आहे," आणि त्याने जे व्हायचं ते होत असे. आईला त्याने शब्द दिला: निवडून आलो, की पहिल्या आठवड्यात पाटी भिंतीवर.

तो एकोणीस मतांनी निवडून आला.

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी पथक झाकलेल्यांची यादी घेऊन निघालं. बाकं मोकळी झाली, थांबे मोकळे झाले, शौचालयाच्या दारावरचा उद्घाटकही पुन्हा प्रकट झाला. पंपघर त्या यादीत नव्हतं. एकशे चौदावर बाईंनीच लाल शाईने काट मारली होती.

पहिला आठवडा गेला. मग महिना गेला, दुसरा गेला. आई सकाळी चालायला जायची बंद झाली होती. खिडकीशी बसून राहायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि डॉक्टर वाढलेली साखर पाहून शस्त्रक्रियेला कचरत होते. पाटी लागायची तर ती आता लागायला हवी होती, आईला दिसतंय तोवर. ती एकदा भिंतीवर गेली, की आई आपल्याशी बोलेल, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. दुसरं काही धरायला उरलं नव्हतं.

त्या गोदामात गेल्या. गोदामवाला त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला, निवृत्तीला आलेला माणूस. त्याने पाटी झेंड्यांच्या ढिगात टाकली नव्हती, स्वतःच्या कपाटात ठेवली होती. वर्तमानपत्र उलगडून त्याने ती बाईंच्या हातात दिली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पर्समध्ये मावेल. रविवारी पहाटे जाऊन चार स्क्रू पिळा. दहा मिनिटांचं काम. कोण विचारतंय?"

"विनापरवाना सरकारी भिंतीवर काही लावलं तर काय होतं, हे मीच लोकांना सांगते."

"अहो, तुमच्या बाबांची आहे ती."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि पाटी परत दिली.

आता ही बाई प्रामाणिक की मूर्ख, हे ज्याचं त्याने ठरवावं. गोदामवाल्याचं ठरलं होतं. त्याने कपाटाला कुलूप घातलं.

बाईंनी रीतसर अर्ज लिहिला. अर्जदार: मृताची मुलगी. विषय: काढलेली पाटी पूर्ववत लावण्याबाबत. प्रस्ताव त्यांनी स्वतःच टाइप केला, सगळे दाखले जोडले, आणि फक्त एक रकाना रिकामा राहिला: प्रभागाच्या नगरसेवकाची, म्हणजे धाकट्याची, शिफारस. अर्ज हातात घेऊन त्या निघाल्या, तेव्हा आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून शब्द काढला. "मीही येते." बाईंनी आईला धरून जिना चढवला आणि वरच्या मजल्यावर नगरसेवकांच्या खोल्यांबाहेर बाकावर बसवलं.

धाकट्याच्या खोलीला अजून रंगाचा वास होता. त्याने उठून बहिणीला खुर्ची दिली, चहा सांगितला, अर्ज वाचला. वाचून झाल्यावर तो घडीवरून बोट फिरवत बसला.

"ताई, इतक्यात नको."

"म्हणजे?"

"पाटी लावू. लावू की. पण ही नाही. वीतभर पितळ कुणाच्या डोळ्यांत भरतंय? मोठं स्मारक करू, दगडी. पुढच्या निवडणुकीच्या आधी भूमिपूजन, मग उद्घाटन. तोवर भिंत राहू दे तशी."

"तू आईला शब्द दिलायस. पहिला आठवडा म्हणाला होतास."

"आईला मी समजावतो."

"तिला दिसेनासं होतंय. सही कर. एक सही आहे. बाकीचं सगळं मी करून आणलंय."

धाकटा हळू बोलला, आणि त्या बोलण्यात प्रचारातला गोडवा नव्हता. "बाबा गेले तेव्हा तुला त्यांची नोकरी मिळाली. पगार, खुर्ची, पुढे पेन्शन. मला काय मिळालं सांग. मी दहा वर्षांचा होतो, म्हणून मला समजूत घालायला बिस्किटं मिळाली. बावीस वर्षांनी त्यांच्या नावाचा मला पहिल्यांदा उपयोग झाला, तोसुद्धा नावाचा नाही, भोकांचा. लोक अजून तिथे थांबतात ताई. बघतात. एकोणीस मतं होती फक्त. ती भोकं बुजवली, की माझ्याकडे काय राहतं?"

"तुझ्या आईचं काय राहतं?"

"पाटी काढायला मी सांगितलं होतं का?" तो म्हणाला.

त्याने अर्ज उलटा करून त्यांच्याकडे सरकवला. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा बाई उठल्या होत्या.

बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. "केली सही?" तिने विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. साहेब सुटीवर आहेत, सभा पुढे गेली आहे, असं रोज चार माणसं खिडकीवर ऐकून जातात. पण त्यांना ते कधी जमलं नव्हतं, आणि त्या आईशेजारी बसून म्हणाल्या, "नाही केली. इतक्यात लावायची नाही म्हणतो. ती भोकं त्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत हवी आहेत."

"कोण म्हणतो?"

"धाकटा. आत्ताच म्हणाला, माझ्यासमोर."

"तो असं म्हणणार नाही."

"आई, मी कशाला..."

"बाबांच्या नावाबद्दल तो असं म्हणणार नाही. तूच काहीतरी अडवलं असशील. हा दाखला नाही, तो शिक्का नाही. मी ओळखते तुला." आईचा आवाज चढला नव्हता, मीठ संपलंय म्हणायची तेवढाच होता. "पाटी काढली, ती तुझ्या सहीने ना?"

"हो."

"एकट्या तुझ्या?"

"हो."

"मग तुझ्याच सहीने लाव."

"काढायला माझी सही चालते, आई. लावायला नाही चालत."

खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्या जसं सांगत, तसंच त्यांनी सांगितलं होतं. खरं होतं. पुस्तकात पान दाखवता आलं असतं. आईने मान हलवली, आपल्याला हवं ते ऐकायला मिळाल्यासारखी, आणि पिशवी सावरून उठली. बाईंनी आधाराला हात पुढे केला. तो न धरता ती भिंतीच्या कडेने चालत धाकट्याच्या दारापर्यंत गेली. शिपायाने नगरसेवकांच्या आईसाठी लगबगीने दार उघडलं.

"ये आई, ये. बस इथे," आतून धाकट्याचा आवाज आला. "अगं, लावायचीच आहे पाटी. पण ताईच्या खात्याचे कागद म्हणजे काय, तुला माहीतच आहे."

"माहीत नाही तर काय," आई म्हणाली, आणि हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

शिपायाने दार लावून घेतलं. बाईंच्या हातात अर्ज होता. खालच्या खिडकीवर दाखल्यासाठी माणसं केव्हाची थांबली होती, म्हणून त्या जिना उतरायला लागल्या.